गाडी जपानची, दुरुस्ती गोंदियाची

धानाचे चुकारे हातात पडले, की गोंदिया जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांत एक वाद सुरू होतो. गाडी कोणती घ्यायची? थोरला मुलगा टोयोटाचे नाव घेतो, जावईबापू होंडाची बाजू मांडतात आणि वडील ‘मारुतीच घ्या, कुठेही दुरुस्त होते’ असे सांगून वाद मिटवू पाहतात. गंमत अशी, की तिघेही एकाच देशाचे गुण गात असतात. मारुतीमागे सुझुकी आहे. आणि सुझुकी, टोयोटा, होंडा या तिन्ही कंपन्या जपानच्याच. ‘जपानी गाडी बिघडत नाही’ हे एकच वाक्य मग वाद मिटवायला पुरत का नाही? माझ्या मते त्याचे कारण सोपे आहे. गाडी किती वेळा बिघडणार, हे बहुतांशी कारखान्यात ठरते. बिघडल्यावर किती दिवसांत आणि किती पैशांत सुधारणार, हे मात्र आपल्या तालुक्यात ठरते.

जपानी टिकाऊपणाचे मूळ मागावर आहे, हे आपल्याकडच्या कोष्ट्यांना ऐकायला आवडेल. सुझुकीची सुरुवात १९०९ मध्ये हामामात्सु येथे मागांच्या कारखान्याने झाली. टोयोटा घराण्याचे मूळ पुरुष साकिची टोयोडा यांनी धागा तुटताच आपोआप थांबणारा माग बनवला. चूक दिसताच काम थांबवायचे, ती तिथेच दुरुस्त करायची, पुढच्या कामगाराच्या गळ्यात मारायची नाही, ही त्यातली शिस्त. हीच शिस्त पुढे मोटारींच्या कारखान्यात गेली. त्यामुळे टोयोटाचा लौकिक निव्वळ जाहिरातीने झालेला नाही.

पण चांगली बनावट पुरेशी नसते, हेही आपण पाहिले आहे. १९८०च्या दशकात डीसीएम-टोयोटा, ऑल्विन-निस्सान, आयशर-मित्सुबिशी आणि स्वराज-माझदा असे चार हलके ट्रक जपानी कंपन्यांच्या भागीदारीत आपल्याकडे आले. १९८५ नंतर येनचा भाव चढला आणि जपानहून येणारे भाग महाग झाले. डीसीएम-टोयोटातून टोयोटा बाहेर पडली, ऑल्विन-निस्सान महिंद्राकडे गेली. ज्यांनी भाग लवकर देशातच बनवून घेतले, ते तगले.

मिस्त्रीची पसंती

मारुतीने हेच केले. सुझुकीशी करार १९८२ मध्ये झाला आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली. हळूहळू तिचे भाग देशात बनू लागले आणि तालुक्याच्या दुकानांपर्यंत पोचले. तीन सिलिंडरचे ते छोटे इंजिन उघडून-जोडून मिस्त्रींची एक पिढी हात शिकली. २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले, पण ते शिक्षण वाया गेले नाही. आजही आमगावात किंवा अर्जुनी मोरगावात मारुती अडली, तर ती ‘ओळखीची’ असते.

टोयोटाची गोष्ट वेगळी. किर्लोस्करांबरोबर १९९७ मध्ये कंपनी उभी राहिली, २००० मध्ये क्वालिस आली आणि २००५ मध्ये तिच्या जागी इनोव्हा. प्रवासी वाहतूक करणाऱ्यांनी ती उचलून धरली, कारण ती लाखो किलोमीटर तक्रार न करता धावते आणि विकतानाही किंमत देते. मात्र डिझेल इनोव्हाचे इंजेक्टर किंवा टर्बो गेले, तर येणारा आकडा छोट्या मारुतीच्या मालकाला दचकवणारा असतो.

१९९८ मध्ये आलेल्या होंडा सिटीचे पेट्रोल इंजिन गुळगुळीत आणि दीर्घायुषी. पण २००३ च्या सिटीला चार सिलिंडरना आठ स्पार्क प्लग होते! बिघाड काही नाही, तरी बदलायची वेळ आली की खर्च दुप्पट. शिवाय शहरासाठी बेतलेली ही बुटकी गाडी धानाच्या बांध्यांमधल्या रस्त्यावर पोट घासते, तो दोष कारखान्याचा कसा म्हणावा?

निस्सानचे नाव आपल्याकडे जुने. शेजारच्या जबलपूरच्या कारखान्यात लष्करासाठी बनणारी जोंगा ही निस्सानचीच जात. लष्कराने मोडीत काढलेल्या जोंगांचे मोठे पेट्रोल इंजिन परवडेना, तेव्हा लोकांनी डिझेल इंजिन बसवून त्या चालवल्या. ते साधे यंत्र होते म्हणून जमले. निस्सानचीच डॅटसन २०१४ मध्ये स्वस्त गाडी म्हणून आली आणि २०२२ मध्ये बंद झाली. मित्सुबिशी लॅन्सरचेही तेच झाले. कंपनी काही वर्षे भाग पुरवतेही. पण ज्या गाड्या जिल्ह्यात मोजक्याच आहेत, त्यांचे भाग दुकानदाराने कपाटात का अडकवून ठेवावेत?

नुसत्या नावावर जाऊ नये, याचा आणखी एक दाखला. २०२० पर्यंत विकल्या गेलेल्या मारुतीच्या बहुतेक डिझेल मोटारींत फियाटच्या बनावटीचे इंजिन होते. आणि २०१९ पासून मिळणारी टोयोटा ग्लान्झा ही मुळात मारुतीची बलेनोच.

हिशेब दिवसांचाही

आता एक हिशेब करू. आकडे केवळ समजुतीसाठी. समजा, एक गाडी पाच वर्षांत तीनदा बिघडली. दर वेळी चार हजार रुपये आणि एक दिवस गेला. दुसरी एकदाच बिघडली, पण तीस हजार रुपये आणि भागाची वाट पाहण्यात बारा दिवस गेले. गाडी भाड्याने चालवणाऱ्याचे दिवसाला दीड हजार बुडतात असे धरले, तर पहिलीचा भुर्दंड साडेसोळा हजार आणि ‘न बिघडणाऱ्या’ दुसरीचा अठ्ठेचाळीस हजार. गाडी उभी राहिली तरी बँकेचा हप्ता थांबत नाही. नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर आहे. देवरी-सालेकशाकडच्या माणसाने मोटार टोचण लावून तिथवर न्यायची म्हणजे हा आकडा आणखी फुगतो.

आणि हा प्रश्न वाढतच जाणार आहे. नव्या गाडीत बिघाड शोधायला पान्याआधी संगणक लागतो. त्याची माहिती आणि अस्सल सुटे भाग बाहेरच्या गॅरेजना खुले होत नाहीत म्हणून स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड सुनावला. त्यांत मारुती, टोयोटा, होंडा, निस्सान सगळ्या होत्या. प्रकरण पुढे अपिलांत गेले. २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी संकेतस्थळही काढले. पण चौकातल्या मिस्त्रीच्या हाती ते यंत्र आणि आयटीआयमधल्या पोरांच्या हाती ते शिक्षण येत नाही, तोवर हा हक्क कागदावरच राहील. त्यात मिस्त्रीचा धंदा जातो आणि ग्राहकाची घासाघीस करण्याची सोयही.

तेव्हा वाचकहो, शोरूममध्ये रंग पसंत करण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या. क्लच, ब्रेक, सस्पेन्शन आणि हेडलाइट यांचे भाव काय? जवळचे वर्कशॉप किती किलोमीटरवर? आणि आपल्या रोजच्या मिस्त्रीने ही गाडी आजवर किती वेळा उघडली आहे? तिसऱ्या प्रश्नासाठी शोरूममध्ये जायचीही गरज नाही. त्याच्या गॅरेजबाहेर अर्धा तास बसून चहा घेतला, तरी पुरे.