कुलूप झाकणाला, चोर नळीशी

बाईकच्या टाकीचं झाकण किल्लीशिवाय उघडत नाही; कंपनीतूनच ते तसं येतं. तरी सोसायट्यांच्या पार्किंगमधून वर्षानुवर्षं पेट्रोल जात राहिलं, कारण चोर झाकणाच्या वाटेला जातच नव्हता. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल स्वतःच्या वजनानेच खाली उतरतं. टाकीखाली कॉक, कॉकला रबरी नळी, नळीचं दुसरं टोक कार्ब्युरेटरला. रात्री कुणी ती नळी उपसली, खाली पाण्याची बाटली धरली आणि कॉक फिरवला की झालं. ना आवाज, ना मोडतोड. सकाळी मालक किका मारतो, गाडी आडवी करून बघतो आणि शेवटी पंपावर माप कमी दिलं म्हणून चडफडतो.

स्पेअर पार्टच्या दुकानात किल्लीचा कॉक मिळायचा. दिसायला फडतूस, पण ते कुलूप निदान योग्य जागी होतं.

खरा बंदोबस्त मात्र ज्याने केला, त्याच्या डोक्यात चोर नव्हताच. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, बाईक-स्कूटरवर फ्युएल इंजेक्शन आलं आणि कॉक गेला. आता बहुतेक गाड्यांत टाकीतच विजेवर चालणारा पंप असतो. चावी फिरवल्याशिवाय तो चालत नाही, त्यामुळे नळी उपसून पूर्वीसारखी धार लागत नाही. प्रदूषणाच्या नियमाने जे साधलं, ते वॉचमनला साधलं नव्हतं.

ट्रकचं दुखणं वेगळं. टाकी चेसिसला बाहेरून लटकवलेली, झाकण हाताशी, आत दोन-चारशे लिटर डिझेल आणि ड्रायव्हर ढाब्यामागे झोपलेला. इथे नळी वरून आत सोडतात, कॅन जमिनीवर ठेवतात. टाकी उंचावर असल्याने एकदा धार लागली की डिझेल आपोआप वाहत राहतं. (ती धार तोंडाने ओढणं भयंकर; घोट फुफ्फुसात गेला तर माणूस थेट दवाखान्यात.) अशा चोराला कुलपाचं झाकण अडवतं, म्हणजे त्याचा वेळ खातं. हायवेवर तेवढ्याने तो शेजारच्या ट्रककडे वळू शकतो. आपलं डिझेल वाचलं, दुसऱ्याचं गेलं.

पण पहार घेऊन आलेल्याला कुलूप म्हणजे निमंत्रणच. झाकण मोडतं, कधी टाकीचं तोंडही वाकतं आणि डिझेलच्या जोडीला गॅरेजचं बिल येतं. टाकीच्या बुडाशी ड्रेनचा बोल्ट असतो, त्याला तर पाना पुरतो. शिवाय कुलपाची किल्ली ड्रायव्हरच्या खिशात. मालकाला संशय नेमका त्याचाच असेल, तर हे कुलूप कुणासाठी? म्हणूनच काही मालक टाकीत सेन्सर बसवतात आणि ऑफिसात बसून डिझेलची पातळी बघतात. मला त्यात कुलपापेक्षा जास्त अर्थ दिसतो, ड्रायव्हरला तो अपमान वाटला तरी. निदान खरोखर चोरी झाली, तर पातळी कुठे आणि किती वाजता घसरली हे तरी त्याला दाखवता येतं.

बाहेरचं झाकण घ्यायचंच असेल, तर कुलपाआधी त्यात हवेला वाट आहे का ते बघा. अनेक टाक्या झाकणातूनच हवा घेतात. अशा टाकीवर ठार बंद झाकण बसलं, की डिझेल उपसलं जाताना आत पोकळी होते, पुरवठा तुटतो आणि भरल्या टाकीनिशी ट्रक घाटात बंद पडतो.