दाजीबा आले नाचत!

दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. आपल्या मानवतकडं घरोघरी ऐकू येणारी हाक! याच हाकेचं गाणं २००२ साली गाजलं, 'ऐका दाजीबा'. सिनेमातलं नव्हे बरं का, अल्बममधलं. चाल अवधूत गुप्ते यांची, आवाज वैशाली सामंत यांचा. व्हिडिओत होते मिलिंद गुणाजी आणि इशिता अरुण. या गाण्यानं दोघं गायक-संगीतकार घरोघरी पोचले.

मी तेव्हा शाळेत. थोरल्यांनी नाकं मुरडली, "हा कसला धांगडधिंगा?" अन् वरातीत बँडवाल्यांनी हेच वाजवलं, तर सगळ्यांत पुढं तेच! संमेलनाला हिंदीच गाणी मागणारी आमची पोरं त्या वर्षी मराठीवर नाचली. मला तर हीच खरी समीक्षा वाटते. 'जत्रा'तली २००६ सालची 'कोंबडी पळाली' ऐकलीत ना? आनंद शिंदे यांच्यासोबत तोच वैशालीताईंचा आवाज आहे!