कांबळी कानपुरात, कुडकुडणारे शिपाई फ्रान्सात



कानपूरच्या ‘लाल इमली’ गिरणीवर गेल्या अंकात आलेल्या लेखात लाल विटांचे आणि घड्याळाच्या मनोऱ्याचे भरभरून कौतुक आहे. त्याला हरकत असण्याचे कारण नाही. पण इंग्रजी अमलात शिपाई, पोलीस, टपालवाले यांना थंडीचे कपडे ‘वेळच्या वेळी’ मिळत, असे एक वाक्य लेखकाने ओघात लिहून टाकले आहे. ते खपवून घेता येत नाही.

कानपूर वुलन मिल्स, म्हणजेच ही लाल इमली, निघाली १८७६ साली, पंजाबातली धारीवालची गिरणी १८८० साली. लष्कराची कांबळी आणि गणवेशाचे लोकरी कापड हा या गिरण्यांचा हक्काचा धंदा होता. तरीही १९१४ च्या सप्टेंबरअखेर लाहोर डिव्हिजन मार्सेलच्या बंदरात उतरू लागली, तेव्हा शिपायांच्या अंगावर सुती खाकी होती. अडतीस वर्षे! अडतीस वर्षे गिरणी चालली, कंत्राटे निघाली, बिले चुकती झाली, आणि युरोपातला हिवाळा तोंडावर आलेला असताना शिपाई पोहोचला तो उन्हाळी कपड्यांत.

याच डिव्हिजनमध्ये आपल्या खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या होत्या. २८ ऑक्टोबरला नव्ह शापेलच्या हल्ल्यात त्यांची भयंकर हानी झाली. गरम कपडे सर्वांपर्यंत पोहोचायला त्यानंतरही आठवडे लागले. ऑक्टोबरातच लंडनमध्ये ‘इंडियन सोल्जर्स फंड’ उघडावा लागला आणि लोकांच्या देणग्यांतून हिंदी शिपायांसाठी उबदार कपडे पाठवले गेले. जे काम सरकारचे, ते वर्गणीवर चालले. याला वेळच्या वेळी म्हणायचे?

युद्ध अचानक आले, ही सबब ठरलेली आहे. ती टिकत नाही. वायव्य सरहद्दीवरची थंडी या सरकारला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. तिबेटच्या १९०३-०४ च्या मोहिमेत त्याच्या फौजेने पठारावर हिवाळा काढला होता. कमतरता होती ती शिपायाच्या अंगाची काळजी वाहण्याची. सरकारी खरेदीचा मोठा भाग तेव्हा लंडनच्या इंडिया ऑफिसमार्फत होई; हिंदुस्थानात स्वतंत्र ‘इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट’ निघाले ते १९२२ मध्ये. घोडदळातल्या बहुतेक रेजिमेंटांत तर शिलेदारी पद्धत होती. घोडा स्वाराचा आणि कपडेही त्याच्याच पगारातले. ही पद्धत पहिल्या महायुद्धानंतर बंद झाली.

फ्रान्सनंतर तरी शहाणपण यावे? १९१५ च्या अखेरीस हिंदी पायदळाच्या दोन्ही डिव्हिजन मेसोपोटेमियात हलवल्या. तिथे पूना डिव्हिजन कूतमध्ये वेढली गेली होती. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी आत होत्या. त्यांना सोडवायला निघालेल्या फौजेचे जखमी जानेवारी १९१६ मध्ये हन्ना येथे पावसात, गारठ्यात, चिखलावर पडून राहिले. १९१७ च्या मेसोपोटेमिया आयोगाने सरकारच्या व्यवस्थेचे असे वाभाडे काढले की भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. हे सगळे छापील अहवालात आहे. लेखकाने मनोऱ्याची उंची मोजण्याआधी तो चाळायला हवा होता.

आणि विषय निघालाच आहे, तर आजचेही बोलले पाहिजे. पहाटे रस्ते झाडणारे कंत्राटी कामगार साध्या सदऱ्यावर, डोक्याला टॉवेल गुंडाळून कामाला लागलेले कोणत्याही शहरात दिसतात. निविदेत गणवेश असतो, ठेकेदाराच्या बिलातही असतो. स्वेटर कामगाराच्या हातात कोणत्या तारखेला पडला, हे मात्र हजेरीच्या चौकीवर कुठेही लावलेले नसते. डिसेंबरचा स्वेटर फेब्रुवारीत देणाऱ्या ठेकेदाराचे पैसे कापलेच पाहिजेत, आणि किती कापले हे त्याच चौकीवर लिहिले पाहिजे.

लेखमालेच्या पुढच्या भागात धारीवाल येणार असल्याचे जाहीर झाले आहे. त्या भागात ‘वेळच्या वेळी’ या शब्दांची दुरुस्ती छापावी. गिरणीतून किती वार कापड निघाले हे लिहाल, त्याच पानावर ते शिपायाच्या अंगावर केव्हा चढले हेही लिहावे.

— एक वाचक, खडकी