मूलपेशी : संज्ञा आणि आश्वासन

विज्ञानाची परिभाषा शास्त्रज्ञांनी घडवावी, कोशकारांनी नोंदवावी, साहित्याच्या अभ्यासकाला तिच्याशी कर्तव्य नाही, असा समज भारतीय भाषांच्या विद्यापीठीय वर्तुळात रूढ आहे. 'मूलपेशी' ही एकच संज्ञा तपासली तरी तो किती अपुरा आहे, हे ध्यानी येते.

एर्न्स्ट हेकेल या जर्मन जीवशास्त्रज्ञाने १८६८ मध्ये 'श्टामत्सेले' हा शब्द योजला, तो सर्व बहुपेशीय जीवांच्या एकपेशीय पूर्वजाला उद्देशून. जर्मन 'श्टाम' या शब्दात खोड आणि कूळ असे दोन्ही अर्थ नांदतात. हेकेलच्या दृष्टीपुढे वंशवृक्ष होता. इंग्रजी 'स्टेम'मध्ये कुळाची छटा क्षीण झाली आणि मराठीत येताना खोडाचे मूळ झाले. हिंदीत 'स्तंभ कोशिका' व 'मूल कोशिका' अशी दोन्ही रूपे आढळतात. वस्तुतः खोडाची उपमाच अधिक अन्वर्थक होती. स्वतःसारख्या पेशी निर्माण करीत राहणे आणि त्याच वेळी विशिष्ट कार्याच्या पेशींना जन्म देणे, हे या पेशींचे दुहेरी लक्षण होय. खोड खोडच राहते आणि त्याला फांद्याही फुटतात.

'मूळ' शब्दाने मात्र वेगळेच काही सूचित होते. रोगाचे मूळ शोधणे, तो समूळ घालविणे हे मराठी भाषकाच्या आशेचे रूढ वाक्प्रयोग आहेत. शिवाय 'मूल' म्हणजे अपत्य. त्यामुळे नवजाताच्या नाळेतील रक्त साठवून ठेवण्याची जाहिरात आईबापांच्या हाती पडते, तेव्हा संज्ञेतच निम्मे आश्वासन दिलेले असते.

प्रत्यक्षातील स्थिती मर्यादित आहे. अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणाने रक्ताच्या अनेक दुर्धर विकारांवर खरोखर मात करता येते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ मध्ये असे प्रत्यारोपण झाले. परंतु भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी रक्तविकारांसाठी होणारे हे प्रत्यारोपणच मान्य उपचार ठरविले. अन्य उपयोग अनुमतिप्राप्त चाचणीपुरताच ठेवला. मुलाला पुढे स्वतःसाठी उपयोगी पडेल म्हणून नाळेतील रक्त साठविण्यास शास्त्रीय आधार नाही, असेही तीत नमूद आहे.

दुसरा गोंधळ पुराणाच्या आश्रयाने होतो. जानेवारी २०१९ मध्ये जालंधर येथील भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी कौरवांचा जन्म हे प्राचीन मूलपेशी-तंत्राचे उदाहरण असल्याचे प्रतिपादन केले. आदिपर्वातील कथा अभ्यासकांना ठाऊक आहे : गांधारीच्या उदरातून निघालेला मांसपिंड, व्यासांनी केलेले त्याचे भाग, तुपाने भरलेले कुंभ. ही कथा मत्सराने अधीर झालेल्या मातृत्वाची आणि कुलक्षयाच्या बीजाची आहे. तिला प्रयोगशाळेची नोंदवही मानल्याने विज्ञानाचे गौरव वाढत नाही. काव्य तेवढे दरिद्री होते. खरी हानी मात्र त्या रुग्णाची, ज्याला अप्रमाणित उपचार परंपरेच्या नावाने परिचित आणि म्हणून विश्वसनीय वाटू लागतो.

यावर संज्ञा बदलणे हा उपाय नव्हे. 'मूलपेशी' रुळली आहे. तिला उखडून नवा संस्कृतप्रचुर शब्द रोवल्यास सामान्य वाचक 'स्टेम सेल'कडेच वळेल. तथापि संज्ञेची व्याख्या देताना तिच्या मर्यादेची नोंद करणे कोशकाराला अवघड नाही. त्याहून महत्त्वाचे काम अनुवादकाचे आहे. रुग्ण ज्या संमतिपत्रावर सही करतो, त्यात 'उपचार' आणि 'चाचणी' हे शब्द एकमेकांच्या जागी येता कामा नयेत. चाचणीत सहभागी होणारा मनुष्य ज्ञानाला साहाय्य करीत असतो, बरे होण्याचे वचन विकत घेत नसतो. हा भेद त्याच्या भाषेत, त्याला कळेल अशा वाक्यात उतरला पाहिजे.

शब्दांच्या छटा ओळखणे हे साहित्याच्या अभ्यासकाचे नित्यकर्म आहे. ते ग्रंथालयाच्या उंबरठ्यावर थांबले, तर त्या छटांचा व्यापार दुसरे कोणी करील.