भंगारात घालण्याआधी मॉनिटर तपासा

व्हिडिओ स्टुडिओंतून निघालेले पिक्चर ट्यूबचे जुने मॉनिटर वजनावर विकून टाकणे, आमच्या मते, घाट्याचा सौदा आहे.

सोनीचे पीव्हीएम आणि बीव्हीएम हे मॉनिटर स्टुडिओत चित्र पारखण्यासाठी बनवलेले. आज अमेरिका, युरोप व जपानमधील जुन्या व्हिडिओ गेमचे शौकीन ते शोधत असतात. जुने गेम ट्यूबसाठीच तयार झाले होते. सपाट पडद्याला त्यांचा सिग्नल बदलून घ्यावा लागतो, त्यात चित्र उशिरा उमटते. १९८४ च्या 'डक हंट'ची मूळ बंदूक तर ट्यूबशिवाय चालतच नाही.

दुसरा उपयोग घरचाच आहे. लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देणाऱ्याला मूळ चित्र पारखायला असा मॉनिटर उपयोगी पडतो. मात्र तो पाल पद्धत घेतो ना, हे आधी पाहावे.

परदेशातले भाव ऐकून साठा करू नये. माल जड आहे, वाटेत फुटतो. ट्यूबचा उजेड आणि रंग तपासावेत. काही मॉडेलांत किती तास वापर झाला याची नोंद असते, ती ग्राहकाला खरी सांगावी. बंद सेटमध्येही उच्च दाबाची वीज साठून राहते, म्हणून जाणकारानेच तो उघडावा. निकामी ट्यूब फोडू नये. काचेत शिसे असते. ती अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावी.

सोनी आता या ट्यूब बनवत नाही. उरल्या त्या दुरुस्तीवरच टिकतील. बंधूंनो, आपल्यातील जुन्या टीव्ही मेकॅनिकांनी हा हुन्नर वेळीच तरुणांच्या हाती द्यावा.