पुसून टाकलेल्या फ्रेमांत अडकलेली सुधारणा

थंडी सुरू झाली की न्हावा शेवा आणि उरणच्या परिसरात कॅमेरे घेतलेली माणसं दिसू लागतात. पाणजे, भेंडखळच्या पाणथळी, खाडीकाठचे बांध, घारापुरीकडे जाणाऱ्या लाँच. फ्लेमिंगो, बंदरातल्या क्रेन आणि आता अटल सेतू हा सागरी पूल. यातले कितीतरी फोटो देखणे असतात. तरीही एकाच हौशी छायाचित्रकाराचे काही वर्षांपूर्वीचे आणि यंदाचे फोटो शेजारी ठेवले, तर अनेकदा कॅमेरा बदललेला दिसतो, नजर मात्र तीच. यात मेहनतीची कमतरता नाही. आपण स्वतःचं काम तपासतो ते फक्त निवडलेल्या, चारचौघांना दाखवलेल्या फोटोंवरून. जे फसलं ते बांधावर उभे असतानाच कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर पाहून पुसून टाकतो. माझं म्हणणं असं, की सुधारायचं असेल तर हे फसलेले फोटो ठेवले पाहिजेत आणि काही महिन्यांनी, मोठ्या पडद्यावर, सगळेच्या सगळे पुन्हा पाहिले पाहिजेत.

‘हलला’ म्हणून टाकलेला उडत्या फ्लेमिंगोचा फोटो घ्या. पक्षी धूसर, पण मागची खारफुटी रेखीव आली असेल, तर फोकस चुकलाय. सगळी फ्रेमच एका दिशेला ओढल्यासारखी दिसत असेल, तर हात हलला किंवा पायाखालची लाँच डुलली. अंग स्वच्छ आणि फक्त पंखांची टोकं फिसकटलेली असतील, तर शटरचा वेग कमी पडला. आणि जवळचं ठीक, पण लांबचं सगळं थरथरल्यासारखं असेल, तर तापलेल्या चिखलावरच्या हवेचा तो दोष आहे. दुपारी बाराला कितीही महागडी लेन्स लावली तरी तो जाणार नाही. चार दोष, चार वेगळे उपाय. फोटो पुसला की चारही एकाच नावाखाली जमा होतात, आणि पुढच्या वेळी माणूस नवी लेन्स घ्यायला निघतो.

डिजिटल फोटोच्या फाइलमध्ये वेळ, शटरचा वेग, अॅपर्चर अशी नोंद आपोआप होते. ही वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्याशेजारी ठेवून पाहावी. ओहोटीला पक्षी उघड्या चिखलावर चरायला पांगतात आणि भरतीला आतल्या पाणथळींवर विसाव्याला येतात. ‘यंदा पक्षी जवळ आलेच नाहीत’ ही तक्रार करणाऱ्याच्या शंभर फ्रेमांपैकी बहुतेक चुकीच्या पाण्याच्या वेळी काढलेल्या निघाल्या, तर प्रश्न कॅमेऱ्याचा उरत नाही. प्रकाशाचंही तसंच. घारापुरी बेट न्हावा शेवा बंदराच्या पश्चिमेला आहे. तिथून सकाळी पाहिलं तर क्रेन काळ्या आकृत्या होतात, संध्याकाळी त्यांच्यावर समोरून ऊन पडतं. दोन्ही फोटो चांगले होऊ शकतात. पण आपल्याला कोणता हवा होता, हे ठरवलेलं नसेल तर तो फसला की साधला हेही सांगता येत नाही.

मध्ये वेळ जाऊ देण्याचा आग्रह उगाच नाही. अमेरिकेच्या रस्त्यांवर फोटो काढणारा गॅरी विनोग्रँड काढलेली फिल्म वर्ष वर्षभर धूत नसे. काढतानाच्या दिवसाचा आनंद फोटोच्या गुणात मिसळू नये, हा त्यामागचा हेतू. पहाटे अंधारात निघून, डास सोसून मिळवलेला फोटो आपल्याला उत्तम वाटतो, कारण त्यात आपले कष्ट दिसतात. पाहणाऱ्याला ते दिसत नाहीत. छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँकच्या ‘द अमेरिकन्स’ या पुस्तकात ८३ छायाचित्रं आहेत आणि ती २७ हजारांहून अधिक फ्रेमांतून निवडलेली आहेत. एवढं गाळायचं तर आधी एवढं पाहावं लागतं.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, की स्वतःचं मूल्यमापन स्वतः कसं करणार, त्यासाठी लोक आहेत, स्पर्धा आहेत. जाणत्या माणसाचं मत मोलाचंच, पण त्याच्यापुढे आपण ठेवतो निवडक दहा. आपली रोजची खोड त्या दहांत नसते. मोबाइलवर मिळणारी पसंती तर बऱ्याचदा पक्ष्याच्या गुलाबी रंगाला असते. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: अशी चिरफाड केली तर फोटो काढण्यातली उत्स्फूर्तताच मरेल. त्या क्षणीच तपासत बसलं तर मरेलच, हे मान्य. म्हणूनच तपासणी महिन्यांनी, घरी. गवई रियाझातल्या चुका मैफलीत आठवत बसत नाही. पण रियाझात त्या ऐकल्या नसत्या तर मैफल रंगली नसती.

असं पुन्हा पाहण्यात दोषांपलीकडची एक गोष्टही सापडते: आपण सतत काय टाळतो. न्हावा शेवाचं जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं आणि इथल्या क्षितिजावर क्रेन कायमच्या आल्या. अटल सेतूचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ला झालं. तरीही इथले पक्ष्यांचे किती फोटो असे असतात, की ते कुठल्याही तळ्यावरचे म्हणून खपतील! क्रेन येते, कंटेनर दिसतो, भराव येतो, म्हणून फ्रेम रद्द होते किंवा कापली जाते. भरतीचं पाणी अडल्यामुळे पाणजे सुकत असल्याची तक्रार पर्यावरण कार्यकर्ते वर्षानुवर्षं करत आहेत. पक्षी नसलेल्या, भेगाळलेल्या जमिनीची तारीख-वेळेसह फ्रेम मात्र ‘रिकामी’ म्हणून सगळ्यात आधी पुसली जाते. ही खोड निवडलेल्या फोटोंत कधीच दिसणार नाही. म्हणून छायाचित्र मंडळांनी वार्षिक प्रदर्शनात प्रत्येक विजेत्या फोटोशेजारी त्याच सकाळच्या नाकारलेल्या वीस फ्रेमा लहान आकारात लावाव्यात, आणि त्या का नाकारल्या हे छायाचित्रकाराने खाली दोन ओळींत लिहावं.