पाठीवरची राजमुद्रा

फेब्रुवारीत शिवजयंती आणि जूनमध्ये राज्याभिषेक दिन. या दोन मोसमांत रायगडाच्या पायथ्यापासून पुण्याच्या पेठांपर्यंत शिवरायांच्या राजमुद्रेचे टी-शर्ट धडाक्यात खपतात. त्याला माझी हरकत नाही. इंग्रजी बँडची नावं छातीवर मिरवण्यापेक्षा हे कधीही बरं. हरकत आहे ती छपाईला.

ही मुद्रा मुळात कागदासाठी घडवलेली. अष्टकोनात बसवलेला संस्कृत श्लोक, पत्राच्या माथ्यावर मावेल एवढा ठसा. तो उमटला की पत्र राजाचं. शेवटी ‘मर्यादा’ची वेगळी छोटी मोर्तब, म्हणजे मजकूर तिथे संपला, खाली कुणी पदरची ओळ घुसडायची नाही. त्या काळी शिक्के सर्रास फारसीत असत, जिजाऊंचाही फारसीतच होता. अशा वेळी प्रतिपदेच्या चंद्रासारखी वाढत जाणारी, लोककल्याणासाठी शोभणारी मुद्रा संस्कृतात घडवणं ही साधी गोष्ट नव्हती.

आता ती टी-शर्टवर पाहा. पाठभर, ताटाएवढी. इंटरनेटवरून उचललेलं धूसर चित्र मोठं करून डीटीएफ छपाईच्या शीटवर काढतात आणि प्रेसखाली पॉलिस्टरवर चिकटवतात. श्लोक जोडाक्षरांनी खच्चून भरलेला. शाई दाटली की ‘ष्ण’चं पोट बुजतं, रफार शेजारच्या मात्रेत मिसळतो. एका टी-शर्टवर तर ‘भद्राय’मधला र गायब होता, आणि तो घालणाऱ्याला ते कुणी सांगितलेलंही नसावं. त्यात ट्रेकला सॅकचे पट्टे नेमके त्याच जागी घासतात. चार धुण्यांत भेगा पडतात आणि उरतो फक्त भगवा डाग.

याच मुद्रेचं नेटकं डिझाइन मला दिसलं ते नौदलाकडे. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत ‘विक्रांत’ ही विमानवाहू युद्धनौका नौदलात दाखल झाली, त्याच दिवशी नव्या निशाणाचं अनावरण झालं. जुन्या निशाणावरचा सेंट जॉर्जचा क्रॉस गेला आणि दुहेरी सोनेरी किनारीचा निळा अष्टकोन आला. ही किनार राजमुद्रेवरून घेतलेली. आत राजचिन्ह, नांगर आणि ‘शं नो वरुणः’. पुढच्या वर्षी ४ डिसेंबरला मालवणात नौदल दिन झाला, आणि महिना संपायच्या आत तोच अष्टकोन ॲडमिरल श्रेणीच्या अधिकाऱ्यांच्या खांद्यावरच्या पट्ट्यांवर आला. सोबत तलवार आणि दुर्बीण.

नौदलाने श्लोक घेतलाच नाही. आठ बाजू घेतल्या, बाकीचं मूळ ठशावर सोडून दिलं. खांद्यावरच्या पट्टीवर तेवढंच स्पष्ट उमटणार, हे डिझाइन करणाऱ्याला कळलं होतं. आमच्या टी-शर्टवाल्यांना श्लोक हवा, जिरेटोप हवा, वाघनखं हवीत, मागे उगवता सूर्य हवा आणि खाली मंडळाचं नावही हवं.

तिरंग्याबाबत कायद्याने सीमा आखली आहे: कमरेखालच्या कपड्यांवर नको, अंतर्वस्त्रांवर नको, रुमालावर, उशीच्या अभ्र्यावर नको. राजमुद्रेसाठीही लोक अधूनमधून असंच काही मागतात. मला विचाराल तर कायद्याआधी एक चांगला भरतकामवाला शोधा. जाड सुती पोलो, छातीच्या डाव्या बाजूला दोन बोटं रुंद अष्टकोन, एका रंगाच्या धाग्यात, आत काही नाही. श्लोक हवाच असेल तर मूळ ठशावरून नीट आखून घ्या आणि छापण्याआधी संस्कृत वाचता येणाऱ्या कुणाला तरी दाखवा. शाळेतले संस्कृतचे सर एवढ्या कामाचे पैसेही घेणार नाहीत.

– टाचणी